गोचिडीचा चावा आणि डब्यावरची बारीक अक्षरे

गोचीड शेतकऱ्याच्या घरात कोणाला नवी नाही. गाईच्या कानात, म्हशीच्या कासेजवळ, बैलाच्या मानेखाली चिकटून फुगलेल्या गोचिडी आपण लहानपणापासून काढत आलो आहोत. संकरित गाईला गोचीडताप आला की घरात दोन दिवस कोणाला जेवण गोड लागत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण गोचीड चावल्यामुळे माणसाला मटण वर्ज्य होते, आणि मटणच काय, डब्यातला शिजवलेला घेवडासुद्धा त्याच्या जिवावर बेततो, असे मला कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते.

२०२२ साली मी हे माझ्या मुलाच्या घरी प्रत्यक्ष पाहिले. त्यातला दुसरा प्रसंग तर माझ्याच हातून घडला. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली परदेशात शिकायला, नोकरीला आहेत, आणि त्यांच्याकडे आपण आयाबाया चार-सहा महिने राहून येतो. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

मध्यरात्रीचा प्रसंग

सुनेच्या बाळंतपणासाठी त्या वर्षी मे महिन्यात मी अमेरिकेला गेले. मुलगा उत्तर कॅरोलिना राज्यात, रॅले शहराजवळ राहतो. घरामागे गवत, त्यापलीकडे दाट झाडी. संध्याकाळी हरणे कुंपणापर्यंत येतात. मेअखेरीस मुलाने झाडीच्या कडेचे गवत काढले, त्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांना आणि कमरेला बारीक गोचिडी चिकटलेल्या निघाल्या. चावलेल्या जागा दोन-तीन आठवडे खाजत राहिल्या. आम्ही ते मनावर घेतले नाही.

जुलैच्या आरंभी तिकडच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. मी गावाकडच्या पद्धतीने बोकडाचे मटण केले. साडेआठला जेवणे उरकली. रात्री दीडच्या सुमारास मुलगा तळहात-तळपाय खाजवत उठला. पाहता पाहता अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली आणि श्वास कोंडू लागला. सुनेने ९११ फिरवला. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला.

दवाखान्यात विचारले, “झोपण्यापूर्वी काय खाल्ले होते?” त्याने झोपताना चार काजू खाल्ले होते. संशय काजूवर गेला. पाच तासांपूर्वीच्या मटणाचे नाव कोणी काढले नाही. जन्मभर खाल्लेल्या पदार्थाचा संशय कोण घेणार?

पुढे ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “अलीकडे गोचीड चावली होती का?” त्यांनी रक्त तपासायला पाठवले आणि निदान झाले.

हा आजार कोणता?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, ससा अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात एक विशिष्ट साखर असते. तिला अल्फा-गॅल म्हणतात. माणसाच्या आणि माणसाला जवळच्या वानरांच्या शरीरात ती नसते. एरवी मटण खाल्ल्याने ती पोटात गेली तरी काही बिघडत नाही. पण काही जातींच्या गोचिडींच्या लाळेतही ही साखर असते. चाव्यातून ती कातडीखाली शिरली की काही माणसांचे शरीर तिला शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तीच साखर अन्नातून आली की शरीर तिच्यावर तुटून पडते.

या आजाराची खूण म्हणजे उशीर. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी बहुधा लवकर दिसते. ही मात्र जेवणानंतर साधारण २ ते ६ तासांनी उठते. मांसातल्या चरबीबरोबर ही साखर सावकाश पचते, म्हणून उशीर होत असावा असे शास्त्रज्ञ मानतात. रात्री जेवलेला माणूस त्यामुळे मध्यरात्री उठतो. कोणाला गांधी उठतात, कोणाच्या पोटात नुसती मुरड पडून जुलाब-उलट्या होतात, कोणाचा रक्तदाब एकदम खाली जातो. एकाच माणसाला एकदा त्रास होतो, एकदा होत नाही. चरबीचे मांस, मद्य किंवा जेवणानंतरचे अंगमेहनतीचे काम यांनी त्रास वाढू शकतो.

कोंबडी, बदक, अंडी आणि मासे यांत ही साखर नसते, ते खाता येतात. दूध-दही बहुतेक रोग्यांना सोसते, काहींना सोसत नाही. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

शोध कसा लागला

या आजाराचा माग कर्करोगाच्या एका औषधावरून लागला, ही नवलाची गोष्ट आहे. सेटुक्सिमॅब नावाचे औषध शिरेतून देताच टेनेसी, उत्तर कॅरोलिना अशा राज्यांतल्या पुष्कळ रोग्यांना काही मिनिटांतच घातक रिॲक्शन येई. बोस्टनकडच्या रोग्यांत मात्र ती क्वचितच दिसे. औषध एकच, मग हा फरक का? व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की, उंदराच्या पेशींत तयार होणाऱ्या त्या औषधात अल्फा-गॅल होते आणि या रोग्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. ही प्रतिपिंडे ज्या भागात सापडत, त्या भागात ‘लोन स्टार’ जातीची गोचीडही फार. या गोचिडीच्या मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो, म्हणून हे ‘एकट्या ताऱ्याचे’ नाव.

डॉ. प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच याचा अनुभव आला. २००७ च्या ऑगस्टमध्ये डोंगरात फिरताना त्यांना बारीक गोचिडींचे शेकडो चावे बसले. नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांनी मेंढीचे मांस खाल्ले आणि सहा तासांनी मध्यरात्री अंगभर गांधी उठून त्यांना जाग आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनेन यांनीही तिकडच्या गोचिडीचे चावे आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध जोडला होता. त्यांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली सांगितले की, २०१० ते २०२२ या काळात १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रोगी तपासणीत आढळले, आणि प्रत्यक्षात ही संख्या साडेचार लाखांपर्यंत असू शकेल. त्याच वेळी दीड हजार डॉक्टर व आरोग्यसेवकांची पाहणी झाली. त्यांतल्या शेकडा ४२ जणांनी या आजाराचे नावही ऐकले नव्हते. २०२४ साली न्यूजर्सी राज्यात गोमांसाचा हॅम्बर्गर खाल्ल्यानंतर काही तासांत एका माणसाचा मृत्यू झाला. त्याचे कारण हाच आजार होता, हे पुढच्या वर्षी रक्ताच्या तपासणीवरून सिद्ध झाले.

माझ्या हातून झालेली चूक

निदान झाल्यावर घरात मटण बंद झाले. मला वाटले, संपले. मटण खायचे नाही एवढेच ना? आपल्याकडे श्रावण पाळतोच की.

सप्टेंबरात एके दिवशी सून बाळाला टोचायला घेऊन गेली होती. यायला उशीर होणार होता. मी फडताळातला शिजवून घोटलेल्या घेवड्याचा डबा उघडला, कांदा-लसणाची फोडणी दिली आणि पोळ्या केल्या. डब्यावर घेवड्याचे चित्र होते. उसळ ती उसळ, तिच्यात काय वावडे असणार! मुलगा पोटभर जेवला. रात्री बारानंतर पुन्हा तोच प्रकार. या वेळी घरात ॲड्रेनॅलिनची तयार पिचकारी होती, ती त्याने स्वतः मांडीत टोचून घेतली आणि आम्ही दवाखाना गाठला.

सकाळी सुनेने केराच्या टोपलीतून तो डबा काढला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घटक छापले होते: घेवडा, पाणी, आणि तिसरा शब्द ‘लार्ड’. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. तिकडे मेक्सिकन पद्धतीचा घेवडा पूर्वापार याच चरबीत परततात. मला रडू कोसळले. सून म्हणाली, “आई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. डबा वाचायचा असतो हे आम्हीच तुम्हाला सांगितले नव्हते.”

त्या दिवसापासून मी वाचायला शिकले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरे तेवढी ओळखते. सुनेने कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर वाईट शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले, शेजारी मी मराठीत अर्थ लिहिले, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. दुकानात जाताना त्याची नक्कल माझ्या पिशवीत असे.

कोणते शब्द शोधावेत?

तो कागदच येथे देते.

(१) मांसाची नावे : बीफ म्हणजे गोमांस, व्हील म्हणजे वासराचे, पोर्क, हॅम आणि बेकन ही डुकराची, लँब म्हणजे कोकराचे, मटण म्हणजे मेंढीचे, गोट म्हणजे शेळी-बोकडाचे आणि व्हेनिसन म्हणजे हरणाचे मांस.

(२) चरबी : लार्ड डुकराची, टॅलो आणि स्यूट गाई-मेंढीची. बिस्किटे, पाय नावाच्या गोड कचोरीचे कवच, मैद्याच्या तयार पोळ्या आणि डब्यातल्या उसळी यांत ही सापडते.

(३) अळणी : आपण मटणाचे अळणी पाणी काढतो, त्याला तिकडे ब्रॉथ किंवा स्टॉक म्हणतात. त्याच्याच वाळवून केलेल्या वड्या मिळतात, त्यांना बुलियन म्हणतात. भाज्यांच्या सुपात, तयार भातात, शेवयांच्या मसाल्यात त्या घालतात.

(४) जिलेटिन : प्राण्यांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला डिंकासारखा पदार्थ. हा बहुधा डुकराचा किंवा गाईचा असतो. मुलांच्या चिवट गोळ्या, जेली, मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई, काही घट्ट दही, साखर चढवलेले काही न्याहारीचे पदार्थ आणि औषधी कॅप्सूल यांत तो असतो. कोलॅजेनही त्याच घराण्यातले.

(५) आतड्याचे वेष्टन : कोंबडीचे सॉसेज चालते असे वाटते, पण ते भरलेले कवच डुकराच्या किंवा मेंढीच्या आतड्याचे असू शकते.

(६) दोन्ही कुळांचे पदार्थ : ग्लिसरीन, मोनो व डायग्लिसराइड, मॅग्नेशियम स्टिअरेट. हे वनस्पतीपासूनही होतात आणि चरबीपासूनही. शब्दावरून कळत नाही, विचारावे लागते.

(७) कॅराजीनन : हा समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचा पदार्थ. प्राण्याशी याचा काही संबंध नाही, तरी अल्फा-गॅलसारखीच साखर यात असते आणि काही रोग्यांना तो बाधतो. म्हणजे ‘शुद्ध शाकाहारी’ पदार्थातही हा एक शब्द पाहावाच लागतो.

(८) नॅचरल फ्लेवर : म्हणजे ‘नैसर्गिक स्वाद’. सगळ्यांत फसवा शब्द हाच. या शब्दाआड मसाला असेल, फळ असेल किंवा गोमांसाचा अर्कही असेल.

शेवटच्या शब्दाची एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्स कंपनीने १९९० साली बटाट्याच्या फोडी वनस्पती तेलात तळत असल्याचे जाहीर केले. हजारो हिंदू आणि शाकाहारी माणसे निर्धास्तपणे त्या खाऊ लागली. प्रत्यक्षात त्या फोडींना गोमांसाचा स्वाद दिलेला होता आणि घटकांत लिहिले होते केवळ ‘नॅचरल फ्लेवर’. २००१ साली खटला झाला. २००२ साली कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व इतर संस्थांना १ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्या वेळी प्रश्न धर्माचा आणि आहाराचा होता. या रोग्यांच्या बाबतीत तो जिवाचा आहे.

कायदा कुठवर साथ देतो?

अमेरिकेत २००४ साली झालेल्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, झाडावरची कवचफळे, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन हे आठ पदार्थ स्पष्ट नावाने छापणे सक्तीचे केले. २०२३ च्या जानेवारीपासून त्यांत तिळाची भर पडली. या यादीत गाय, डुक्कर, मेंढी यांचे पदार्थ नाहीत. म्हणून पाकिटाच्या खाली ठळक अक्षरांत ॲलर्जीची सूचना असते, तेवढीच वाचून या रोग्याचे भागत नाही. वरची घटकांची सगळी यादी वाचावी लागते. ‘हलाल’ शिक्क्याने डुकराचा पदार्थ नाही एवढे कळते, गाई-मेंढीचा नाही असे कळत नाही.

या बाबतीत आपल्या देशाची एक खूण फार मोलाची आहे. आपल्याकडे प्रत्येक खाद्याच्या पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो किंवा तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वी मांसाहारी पदार्थावरही तपकिरी ठिपकाच असे. २०२० च्या नियमांनी त्याचा त्रिकोण केला. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात चरबी, जिलेटिन, मांसाचा अर्क यांपैकी काही चालत नाही. तिकडे तासभर वाचून जे कळते ते इथे एका ठिपक्यावरून कळते. सून तिकडच्या भारतीय दुकानात गेली की आधी हा ठिपका शोधते.

पण ठिपक्यालाही मर्यादा आहेत. हिरव्या ठिपक्याखाली दूध, तूप, खवा आणि दुधाची पावडर चालतात. ज्याला दूध सोसत नाही त्याने घटक वाचलेच पाहिजेत. कॅराजीननही हिरव्या ठिपक्याखाली येते. आपल्याकडे त्याचे नाव न लिहिता कधी ४०७ हा आकडाच छापलेला असतो. आणि तपकिरी त्रिकोण प्राणी कोणता ते सांगत नाही. नुसते अंडे घातले तरी तो लागतो.

औषधांकडे दुर्लक्ष नको

खाण्यापिण्याचे एवढे पथ्य पाळून माणूस औषधात फसतो. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचेच असते. रक्त पातळ करणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हृदयातल्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीपासून बनवतात. काही लशींत थोडे जिलेटिन असते. म्हणून डॉक्टर, दंतवैद्य आणि औषधवाला या तिघांनाही आधी सांगावे, “मला अल्फा-गॅलची ॲलर्जी आहे.” मात्र मनाने औषध किंवा लस टाळू नये. पर्याय असतो, आणि केव्हा धोका पत्करायचा ते डॉक्टर जाणतात.

आमच्या घरचे चार नियम

पहिला : पाकीट दुकानात वाचायचे आणि घरी डबा उघडताना पुन्हा वाचायचे. गेल्या महिन्यात चालले म्हणून या महिन्यात चालेल असे नाही. कंपन्या न सांगता घटक बदलतात.

दुसरा : शंका आली तर पाकिटावरच्या नंबरवर फोन करायचा. नुसते “हे शाकाहारी आहे का?” असे विचारायचे नाही. “जिलेटिन कोणत्या प्राण्याचे? ग्लिसरीन कशापासून? स्वादात गाय, डुक्कर किंवा मेंढीचा अंश आहे का?” असे नाव घेऊन विचारायचे. उत्तर मिळाले नाही तर पाकीट फळीवर परत.

तिसरा : घरात इतरांसाठी मटण शिजले तर तवा, पळी आणि पातेले वेगळे. पाहुण्यांकडे आधी सांगायचे. “एक फोड खाल्ल्याने काय होते!” हा आपला लाडका आग्रह. या आजारात तो प्राणघातक आहे.

चौथा : पिचकारी नेहमी जवळ. श्वास लागला, चक्कर आली किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या तर वाट न पाहता ती टोचायची आणि रुग्णवाहिका बोलवायची. तिकडे ९११, आपल्याकडे १०८. गांधीवरची गोळी घेऊन सकाळची वाट पाहत बसायचे नाही.

गोचीडच चावू नये म्हणून

नवे चावे बसले नाहीत तर काही रोग्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे वर्षानुवर्षे कमी होत जातात आणि काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा मांस खाता येते. म्हणून चावा टाळणे हेही औषधच आहे. गवतात जाताना पायघोळ विजार घालून ती मोज्यांत खोचावी. घरी आल्यावर अंघोळ करून काखा, जांघा, कमर, गुडघ्यामागची बाजू आणि केसांची मुळे तपासावीत. गोचीड चिकटलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, मग जागा साबणाने धुवावी. रॉकेल ओतणे, पेटत्या काडीचा चटका देणे हे आपल्याकडचे उपाय माणसाच्या अंगावर करू नयेत.

आपल्याकडच्या गोचिडी वेगळ्या जातींच्या आहेत, पण त्यांनाही हलके लेखू नये. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली, तो तापही जंगलातल्या गोचिडीच्याच चाव्याने होतो.

माझा मुलगा आता बरा आहे. कोंबडी आणि मासे खातो, दूध त्याला सोसते. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मी परत निघाले, तेव्हा त्याला म्हटले, “पुढच्या जत्रेला ये. तुझ्यासाठी कोंबडीचा रस्सा वेगळ्या चुलीवर करीन.” तो हसून म्हणाला, “आई, मसाल्याचे पाकीट वाचून घे म्हणजे झाले.”

२०२४ च्या जत्रेला तो आला. मसाला मी घरीच कुटला होता. पण त्याच्यासाठी आणलेले बिस्किटाचे पुडे मात्र चष्मा लावून, उजेडात नेऊन, शेवटच्या शब्दापर्यंत वाचले.